बिनपावतीचे तीस टक्के

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. उद्यापनाची हळदीकुंकवाची गर्दी ओसरली होती आणि मी केळीची सालं गोळा करत होते, तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या आक्का आल्या. (आमच्याकडच्या हळदीकुंकवाला सवाष्ण-विधवा असा भेद आम्ही कधीच सोडला. त्यावरून झालेली भांडणं हा वेगळ्या लेखाचा विषय!) आक्कांच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता.

"तू शिकलेली हायेस. जरा बघ ह्यात कायतरी घावतंय का."

डबा उघडला. त्यात काय नव्हतं? लाईटची १९९९ पासूनची बिलं, गॅसच्या पावत्या, मुलाच्या दहावीच्या मार्कलिस्टची झेरॉक्स, साखर कारखान्याचं शेअर सर्टिफिकेट, साडीच्या दुकानाचं बिल आणि पाटल्या मोडल्या त्या दिवशीची सराफाची पावतीसुद्धा. नव्हती ती फक्त सिमेंटची पावती. वाळू, सळई, सेंट्रिंग, खिडक्या, संडासाचं भांडं, कशाकशाची नव्हती. आणि आक्कांना नेमकी तीच हवी होती.

त्यांचं घर कोरेगावात सगळ्यांच्या पाहण्यातलं. मालकांनी १९९८ साली घेतलेलं. खाली तीन खोल्या, वर पत्रा. २०१० मध्ये मालक गेले. दोन मुलं शिकायची होती आणि फॅमिली पेन्शनमध्ये काही भागत नव्हतं. २०१२ मध्ये आक्कांनी हिंमत केली. पाटल्या मोडल्या, पतसंस्थेकडून दीड लाखाचं कर्ज काढलं, पत्रा उतरवून स्लॅब टाकला आणि वर संडास-बाथरूमसकट दोन खोल्या काढल्या, भाड्याने द्यायला. साडेचार लाख खर्च आला. स्लॅबला पाणी मारायला पहाटे पाचला वर चढणाऱ्या आक्का मी स्वतः पाहिल्यात. पुढे त्या खोल्यांत कोण कोण राहून गेलं! शाळेचे गुरुजी, बँकेत बदलून आलेला एक मुलगा, साताऱ्याला रोज जाऊन-येऊन नोकरी करणारं नवंकोरं जोडपं. त्या भाड्यावर मुलांची शिक्षणं झाली.

आता मुलगा पुण्याला असतो. त्याच्या फ्लॅटचं कर्ज डोक्यावर बसलेलं. म्हणून २०२५ च्या दसऱ्याला आक्कांनी घर अठ्ठावीस लाखांना विकलं आणि पैसे मुलाच्या कर्जात घातले. साताऱ्याचे सीए म्हणाले, "आजी, या नफ्यावर कर बसणार. तुम्ही वरच्या मजल्याला घातलेला खर्च वजा मिळेल. बिलं आणा." म्हणून तो डबा.

"आक्का, सिमेंटची बिलं कुठं गेली हो?"

"ती कशाला ठिवायची? भाड्याच्या घराला तीस टक्के तसंच सोडत्यात, पावती लागत न्हाई, असं त्येच म्हनायचे की. मी दिली बंबात घालून."

आक्का खोटं बोलत नव्हत्या. अर्धं खरं बोलत होत्या. आणि मैत्रिणींनो, कराच्या बाबतीत आपण बायका या अर्ध्या खऱ्यावरच जन्म काढतो, अशी माझी आता खात्री झाली आहे.

आधी ते तीस टक्के काय आहे ते पाहू. मी आर्ट्‌सची पदवीधर, मराठी आणि इतिहास घेऊन झालेली. आकडेमोड हा माझा प्रांत नव्हे. पण आक्कांच्या डब्यापायी मी बरंच वाचलं आणि सीएंचं डोकंही बरंच खाल्लं.

भाड्याने दिलेल्या घराचं जे उत्पन्न येतं, त्यातून आधी वजा होते ती घरपट्टी, म्हणजे ग्रामपंचायतीला, नगरपंचायतीला किंवा नगरपालिकेला भरलेला कर. अट एवढीच, की तो मालकाने स्वतः आणि त्याच वर्षी प्रत्यक्ष भरलेला हवा. थकलेली पट्टी वजा होत नाही. उरलेल्या रकमेवर तीस टक्के सरसकट सूट. तुम्ही घराला रंग दिला, दिला नाही, छत गळतंय, गळत नाही, गवंडी वर्षात एकदाही उंबऱ्याला आला नाही, तरी तीस टक्के मिळणारच. पावती कोणी विचारत नाही. पूर्वी असं नव्हतं. दुरुस्तीचा वेगळा ठरलेला हिस्सा, विम्याचा हप्ता वेगळा, आणखी कसलं कसलं वेगळं, अशी भलीमोठी यादी होती. २००१ च्या अर्थसंकल्पात यशवंत सिन्हा अर्थमंत्री असताना ती मोडली आणि तिच्या जागी हे सरसकट तीस टक्के आणि कर्जाचं व्याज, एवढं ठेवलं. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी संसदेने २०२५ मध्ये नवा कायदा केला, तो १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यातही हे तीस टक्के कायम ठेवलेत.

ऐकायला किती छान! ज्या बाईला हिशेबाची वही लिहायची सवय नाही, तिला कटकटीतून सोडवणारा नियम. मी त्याच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. पण या सोपेपणानं आपल्याला एक वाईट सवय लावली, पावती फेकायची. आणि दुसरं असं की घर काही वर्षाला तीस टक्के अशा मापानं म्हातारं होत नाही. ते वीस वर्षं काही मागत नाही आणि मग एका पावसाळ्यात सगळंच मागतं.

आमच्याकडची जुनी घरं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे कळेल. दगडमातीच्या भिंती, वर माळवद नाहीतर कौलं. माझ्या सासूबाई माजघराच्या भिंतीतली एक भेग दाखवून म्हणायच्या, "ही कोयनेच्या भूकंपाची." म्हणजे डिसेंबर १९६७ ची! ती भेग आम्ही दर दिवाळीला लिंपत आलो. असं घर भाड्याने द्यायचं तर आजचा भाडेकरू काय मागतो? आतच संडास-बाथरूम, टाइल्सचं स्वयंपाकघर, कडाप्प्याचा नाहीतर ग्रॅनाइटचा ओटा, चोवीस तास नळ, गिझरचा पॉइंट. परसातला संडास बघून माणूस दारातूनच परत फिरतो. मग घर पाहावं बांधून ही म्हण बदलून "घर पाहावं दुरुस्त करून" अशी करावी लागते, कारण बांधण्यापेक्षा दुरुस्त करणं महाग. एक भिंत फोडली की दुसरी बोलू लागते!

माझ्या एका मैत्रिणीचं उदाहरण सांगते. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका. वडिलांकडून वाटणीला आलेलं घर तिच्या नावावर आहे. महिना नऊ हजारांनी दिलेलं, म्हणजे वर्षाचे एक लाख आठ हजार. गेल्या वर्षी तिने दोन लाख ऐंशी हजार घालून घर नीट केलं. प्लास्टर, रंग, सगळं वायरिंग, जुनी फरशी काढून नवी, आणि मागच्या बाजूला नवीन बाथरूम बांधलं. ती हिशेबाची पक्की. एकेक बिल फाईलला लावलं आणि सीएंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी फाईल उघडलीसुद्धा नाही. घरपट्टी चार हजार वजा, राहिले एक लाख चार हजार. त्याचे तीस टक्के एकतीस हजार दोनशे. उरलेल्या बहात्तर हजार आठशेवर कर. "आणि माझे दोन लाख ऐंशी हजार?" "मॅडम, ते त्या तीस टक्क्यांत आले."

एकतीस हजारांत दोन लाख ऐंशी हजार कसे बसतात, हे गणित चौथीच्या वर्गाला शिकवणारी माझी मैत्रीण अजून सोडवते आहे.

पुढे सीएंनी विचारलं, "कर्ज काढलं होतं का?" नव्हतं. तिनं भिशी उचलली होती आणि गळ्यातला सर मोडला होता. कर्ज काढायचं नाही, व्याज भरायचं नाही, ही आपल्या आयांची शिकवण. पण भाड्याच्या घराच्या दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज उत्पन्नातून वजा मिळतं. समजा तिनं दोन लाख अकरा टक्क्यांनी काढले असते, तर पहिल्या वर्षाचं साधारण बावीस हजार व्याज वजा होऊन कर बहात्तर हजार आठशेऐवजी पन्नास हजार आठशेवर बसला असता. हे कर्ज बँकेचंच लागतं असं नाही. पतसंस्थेचं चालतं, नातेवाइकाकडून लिहून-सवरून घेतलेलंही चालतं. फक्त पैसे त्या घराच्याच कामाला लागले आणि व्याज किती झालं, याचा कागद हवा. तोंडी उसनवारी चालत नाही. आणि नव्या करपद्धतीत घराचा तोटा पगारातून वजा करता येत नाही, हेही लक्षात ठेवायचं. व्याज भाड्याच्या पलीकडे गेलं तर वरचं वाया. जुन्या पद्धतीत तो तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वर्षाला दोन लाखांपर्यंत वजा होतो.

हे कळल्यावर मला राग आला, तो अजून गेलेला नाही. जिनं सावकाराचं दार वाजवलं तिला सूट, आणि जिनं स्वतःच्या गळ्यातलं काढून घर उभं केलं तिला काहीच नाही? कर्जाचं व्याज हा खर्च आणि मोडलेल्या सोन्याची घट हा खर्च नाही? पुरुषांना कर्ज मिळतं, कारण त्यांच्याकडे पगारपत्रक आहे, सातबारा आहे, जामीन राहायला चार मित्र आहेत. बाईकडे दागिने असतात. कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात तसं काही नसेलही. पण ज्याच्या हाताशी बँक आहे त्याच्याच सोयीचा नियम झाला, हे मात्र खरं.

"मग सगळा खरा खर्च वजा द्या," असं आमच्या मंडळात एकीनं म्हटलं. मला ते पटत नाही. तसं केलं तर हार्डवेअरच्या दुकानात बिलांचा बाजार भरेल, हे आपण सगळ्या जाणतो. प्रामाणिक बाई पावती जमवत बसेल आणि लबाड माणूस न टाकलेल्या स्लॅबचं बिल लावेल. सरसकट टक्केवारीचा फायदाच हा, की भांडण नाही. पण मधला मार्ग आहे, आणि तो मी शोधलेला नाही, कायद्यातच आहे. कर्ज काढून घर बांधायला घेतलं आणि बांधकाम दोन-चार वर्षं चाललं, तर त्या काळातलं व्याज बांधकाम संपल्यावर पाच सारख्या हप्त्यांत पाच वर्षं वजा देतात. म्हणजे मोठा बोजा पाच वर्षांवर वाटायची रीत सरकारला ठाऊक आहे. मग दहा-पंधरा वर्षांतून एकदा होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीला तीच रीत का नको? पक्कं बिल आणि बँकेतून दिलेले पैसे, एवढी अट घाला, खुशाल घाला. ज्यांना नको त्यांना तीस टक्के आहेतच.

दुकानाचं मात्र वेगळं आहे बरं का. स्वतःच्या जागेत पार्लर, शिवणक्लास किंवा खानावळ चालवणाऱ्या मैत्रिणींना तीस टक्क्यांचा हा नियम लागू नाही. धंद्याच्या उत्पन्नातून चालू दुरुस्तीचा खरा खर्च वजा मिळतो. पण "चालू दुरुस्ती" म्हणजे किती? यावर आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ मध्ये निकाल दिला होता. न्यू शोरॉक मिलचं प्रकरण, न्यायमूर्ती होते छागला. सारांश असा, की जी वस्तू आहे ती टिकवायला केलेला खर्च ही दुरुस्ती. नवी वस्तू किंवा नवा फायदा निर्माण झाला तर ती दुरुस्ती नव्हे. पुढे १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी एका सिनेमा थिएटरला लावली. मालकाने यंत्रं, फर्निचर, वायरिंग, संडासाची भांडी सगळं नवं घालून थिएटर पार पालटलं होतं. कोर्ट म्हणालं, ही चालू दुरुस्ती नाही. तुटलेला आरसा बदलणं आणि सगळं पार्लर नव्यानं उभं करणं यातला हा फरक आहे.

हाच फरक घराच्या बाबतीत दुसऱ्या दाराने येतो, आणि आक्कांचं नुकसान त्या दारात झालं.

भाडं येत असतं तेव्हा कोणी पावती विचारत नाही. पण घर विकलं की नफा मोजतात. विक्रीच्या रकमेतून घराची मूळ किंमत वजा, आणि घरात जी भर घातली त्याचा खर्चही वजा. रंग, प्लास्टर, गळती यांचे पैसे इथे मिळत नाहीत, ते त्या तीस टक्क्यांत गेले. पण वाढवलेला मजला, पत्र्याच्या जागी स्लॅब, नवं बाथरूम, ही घरातली भर. ती वजा मिळते, दहा वर्षांनी, वीस वर्षांनीसुद्धा. वारसाने घर मिळालं असेल तर आधीच्या मालकाने घातलेली भरही धरतात. फक्त १ एप्रिल २००१ च्या आधीचं घर असेल तर त्या तारखेची बाजारभावाची किंमत मूळ किंमत म्हणून घेता येते आणि तिच्या आधीची भर वेगळी मोजत नाहीत.

आता आक्कांचा हिशेब पाहा. कंटाळू नका, हा हिशेब मी तीनदा करून पाहिलाय. सरकारमान्य मूल्यांकन करणाऱ्याने २००१ ची किंमत तीन लाख काढली. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला दोन पद्धतींनी कर काढून जो कमी येईल तो भरायची मुभा आहे. एकीत महागाईची वाढ न धरता साडेबारा टक्के, दुसरीत महागाईने किंमत वाढवून घेऊन वीस टक्के. महागाईचा सरकारी आकडा २००१-०२ साठी १००, २०१२-१३ साठी २००, आणि २०२५-२६ साठी ३७६ आहे. म्हणजे २००१ चे तीन लाख आज अकरा लाख अठ्ठावीस हजार धरायचे, आणि २०१२ चे साडेचार लाख आठ लाख शेहेचाळीस हजार. सगळी बिलं असती तर नफा निघाला असता आठ लाख सव्वीस हजार आणि वीस टक्क्यांनी कर एक लाख पासष्ट हजार दोनशे. एकही कागद नसता तर दोन्हींतला कमी कर होतो साडेबारा टक्क्यांचा, तीन लाख बारा हजार पाचशे.

म्हणजे बंबात गेलेल्या त्या कागदांची किंमत जवळजवळ दीड लाख होती. पाणी चांगलंच महाग तापलं!

"हल्ली बारा लाखांपर्यंत कर नाही ना?" हा प्रश्न मला दहा जणींनी विचारला. नव्या पद्धतीत आहे तसं. पण ती सवलत घर विकून झालेल्या अशा नफ्याला लागत नाही. दुसरं काही उत्पन्न नसेल तर चार लाखांच्या मूळ मर्यादेचा आधार मिळतो, पण आक्कांची ती मर्यादा पेन्शन आणि भाड्याने आधीच भरली होती. विकून आलेल्या नफ्याचं स्वतःसाठी ठरलेल्या मुदतीत दुसरं घर घेतलं असतं तरीही कर वाचला असता. पण आक्कांनी पैसे मुलाच्या कर्जात घातले. आईनं मुलाला दिलेल्या पैशाला कुठल्याच कलमात जागा नाही.

मग आम्ही दोघी कागदांच्या मागे लागलो. पतसंस्थेत जुना खातेउतारा मिळाला. त्यावर "घरबांधणीसाठी" असं स्पष्ट लिहिलेलं, दीड लाख. तिथल्या वसुली साहेबांचे आभार, त्यांनी दोन दिवस माळ्यावरच्या वह्या उलथल्या. घरपट्टीच्या उताऱ्यावर वरचा मजला वाढल्याची नोंद निघाली, पण ती कोणत्या वर्षापासूनची याचा घोळ. सिमेंटवाल्याचं दुकान आता मोबाईलचं झालंय. गवंडी वारलेला. त्याचा मुलगा म्हणाला, "आक्का, तुम्ही म्हणाल तेवढ्याचं बिल देतो लिहून." आक्काच म्हणाल्या, "नगं बाबा. आता ह्या वयात खोटं कागूद नगं." सीएंनी दीड लाखच धरले. कर झाला दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजार, वर चार टक्के उपकर. खऱ्यापेक्षा एक लाख बारा हजार आठशे जास्त गेले. साडेचार लाख खर्च केलेल्या बाईनं कागदोपत्री दीडच लाख खर्च केले!

आणि हे पैसे कुणी लुबाडले नाहीत. अधिकारी वाईट वागला नाही, सीएंनी फसवलं नाही. सगळं नियमाप्रमाणे झालं, म्हणून तर जास्त लागतं.

यावर मला पुन्हा पुन्हा वाटतं ते नावाबद्दल. आक्कांच्या डब्यात सिमेंटची बिलं असती तरी ती कुणाच्या नावानं असती? आपल्याकडे बाई खर्च करते आणि बिलावर नाव पडतं दिराचं, मुलाचं, नाहीतर वारलेल्या नवऱ्याचं. दुकानदार विचारतो, "बिल कुणाच्या नावानं करू?" आणि आपणच सांगतो, "ह्यांच्या करा." कच्च्या पावतीवर तर नावच नसतं. "घरकाम" एवढंच, आणि खाली बेरीज. गवंड्याची मजुरी आपण शनिवारी संध्याकाळी हातावर ठेवतो. त्याचा एका ओळीचा कागद करून सही घ्यायची कल्पनाच आपल्याला संशयाची वाटते. "माणसावर विश्वास नाही का?" असं लगेच घरातलं कुणी म्हणतं. सोनं घेताना मात्र बिलाची घडी पाकिटात घालून कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवतो. सोन्याच्या पावतीवर विश्वास, आणि सिमेंटच्या पावतीला बंब?

नावाबद्दलचा दुसरा गैरसमजही सांगून टाकते. पुष्कळ घरांत नवरा हौसेनं घर बायकोच्या नावावर बक्षीसपत्रानं करतो आणि वाटतं, आता भाडं तिचं. आयकराचा कायदा तसं मानत नाही. नवऱ्याने मोबदला न घेता बायकोला घर दिलं, तर भाड्याच्या करापुरता मालक नवराच धरतात. बायकोने स्वतःच्या पैशाने घेतलेलं, माहेरहून आलेलं किंवा वारसाने मिळालेलं घर मात्र तिचंच. दोघांच्या नावावर हिस्से ठरलेले असतील तर ज्याच्या त्याच्या हिश्श्याचं उत्पन्न ज्याचं त्याचं. पण म्हणून बायकोच्या नावावर घर करू नका, असं मी मुळीच म्हणत नाही! कर कुणीही भरो, उद्या घराबाहेर काढायची वेळ कुणी आणली तर उताऱ्यावरचं नावच उपयोगी पडतं. संस्थेत येणाऱ्या बायकांची प्रकरणं पाहून मी हे सांगते आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेताना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. तिच्यामुळे का होईना, नावं लागायला लागलीत. नाव लागलेल्या बाईच्या हातात फाईल कुठे असते पण? ती असते "ह्यांच्याकडे".

मंडळात आम्ही गेल्या महिन्यात एक बैठक घेतली. विषय सांगितला तेव्हा निम्म्या जणी उठून जातील असं वाटलं होतं. "कर? तो काय बायकांचा विषय?" असं कुजबुजणंही झालं. पण आक्का स्वतः उभ्या राहिल्या आणि डबा उघडून दाखवला. मग कुणी उठलं नाही. एकीनं विचारलं, पोटमाळा काढला तो भर की दुरुस्ती? दुसरीनं विचारलं, तीन महिने काम चाललं आणि खोली रिकामी राहिली, तेव्हाचं न आलेलं भाडंही धरतात का? (वर्षातला बाकी काळ घर भाड्यानं गेलेलं असेल आणि मध्ये रिकामं राहिलं, तर साधारणपणे आलेलं भाडंच धरतात. हे मी सीएंना विचारून सांगितलं.) एक कॉलेजची मुलगी म्हणाली, बिलांचे मोबाईलवर फोटो काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा, शाई उडते. खरंय, त्या यंत्रातल्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या दोन उन्हाळ्यांत कोऱ्या होतात. पंचाहत्तर वर्षांच्या एक आजी म्हणाल्या, माझं ईमेल नाही, मी देवघरातल्या पोथीत ठेवते. तेही चालेल की!

नगरपंचायतीत घरपट्टी भरायला मार्चमध्ये रांग लागते. तिथेच एक टेबल टाकून, घर बाईच्या नावावर असेल तर तिला हा सगळा प्रकार समजावून सांगायचा, असा आमचा बेत आहे. एक फाईल, पुढे घराचा उतारा, मागे पट्टीच्या पावत्या, त्यामागे कर्जाचे कागद, शेवटी कामाची बिलं. घरगुती काम आहे हे. लोणच्याच्या बरण्यांवर साल लिहून चिठ्ठी चिकटवणाऱ्या बायका आपण, याला अवघड म्हणायचं कारण नाही.

माझ्या शिक्षिका मैत्रिणीची फाईल सीएंनी उघडली नव्हती, ती तिनं रागानं रद्दीत टाकायला काढली होती. मी ती तिच्याकडून मागून घेतली आणि दोघींनी बसून बिलं वेगळी केली. प्लास्टर, रंग, वायरिंग एका बाजूला. ते गेले. नवीन बाथरूमची मात्र सगळी बिलं मिळून एक लाख पाच हजारांची निघाली. टाइल्सच्या बिलावर तिच्या नवऱ्याचं नाव होतं. दुकान ओळखीचं, ती लगेच गाडी काढून गेली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एकदा दिलेलं बिल बदलता येत नाही. पैसे कुणाच्या खात्यातून दिले होते?" तिच्याच खात्यातून दिले होते. मग तिनं बँकेत जाऊन त्या महिन्याचा उतारा काढला, ती ओळ लाल पेननं अधोरेखित केली आणि बिलाच्या मागे टाचणी लावून ठेवली.

आक्का पुढच्या आठवड्यात पुण्याला चालल्यात. परवा निरोप घ्यायला आल्या, तेव्हा डबा बरोबर होता. म्हटलं, आता कशाला? म्हणाल्या, "सून फ्लॅटात कपाटं करून घेतीया. बिलं तिच्या नावानं करायला सांगते."